वर गेले

रडणं किती वेळ चालणार हे अनुराधाक्काला नुसत्या आवाजावरून कळतं. छाती पिटून मोठ्यानं सुरू झालेलं लवकर ओसरतं. बोलत-बोलत, जुन्या गोष्टी काढत रडणारं माणूस तासभर थांबत नाही. पुरुष बहुतेक भिंतीकडं तोंड करतात आणि मग फोन लावायला जातात. आणि ज्याला रडूच येत नाही, त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसावं लागतं, कारण त्याचं काय होईल ते सांगता येत नाही. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. अठरा वर्षं अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभं राहून ते तिच्या कानात साठत गेलं.

बेळगावात आमच्या खासबागेत तिचं दोन खोल्यांचं घर आहे, जिन्यावरचं. नवरा सन्मती उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, मुलगी प्रियदर्शनी दहावीत. माहेर निपाणीकडचं, बोरगाव. तिथं आईशी मराठी, वडलांशी कन्नड, जैन बस्तीत दर्शनाला गेलं की कन्नड आणि बाजारात पुन्हा मराठी. एक भाषा कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते हे शाळेत जाईपर्यंत आपल्याला ठाऊक नव्हतं, असं ती सांगते. हे सांगताना पूर्वी ती हसायची.

तेच तिच्या अंगाशी आलं. बेळगावातल्या ज्या दवाखान्यात ती सिस्टर म्हणून नोकरी करते तिथले बरेच डॉक्टर दावणगिरीकडचे, बंगळूरचे. कन्नड आणि इंग्रजीत त्यांचं सगळं चालतं. पेशंट मात्र खानापूर तालुक्यातले, शहराभोवतीच्या खेड्यांतले, घरी मराठी बोलणारे. त्यातल्या पुष्कळांना कन्नड कळतं, पण बाजारातलं, बसमधलं. आपलं माणूस वाचणार नाही हे बाजारातल्या भाषेत कुणाला कळत नाही. मग डॉक्टर दोन वाक्यं कन्नडात बोलायचे आणि तिच्याकडं वळून म्हणायचे, “आक्का, हेळिबिडरी.” सांगून टाका.

आणि ती सांगून टाकायची. आधी औषधं कशी घ्यायची ते सांगायची, कुठल्या खिडकीत जायचं ते सांगायची. हळूहळू बाकीचं सगळं इतरांकडं गेलं आणि तिच्याकडं एकच गोष्ट सांगायची राहिली. वॉर्डातले जुने अटेंडंट रवळूमामा तर तिला तोंडावर म्हणायचे, “आक्का, तू नुसती पाणी प्यायला बाहेर निघालीस तरी बाकावरची माणसं उभी राहत्यात बघ. बाटली आतच ठेव की गं.”

“मग तुम्ही जावा की सांगायला,” आक्का म्हणायची.

“मला कोण मानतंय? मी सांगितलं तर म्हणतील, मामा, पिऊन आलाय.”

अतिदक्षता विभागाच्या दारापासून नातेवाइकांच्या बाकापर्यंत एकोणीस पावलं आहेत. त्या एकोणीस पावलांत तिचा एक णमोकार मंत्र पूर्ण व्हायचा. शेवटचा शब्द मनात संपला की ती समोरच्याच्या डोळ्यांकडं बघायची आणि मग बोलायची. परत आत आल्यावर कोपरापर्यंत साबणानं हात धुवायची. घरी आली की आपल्याच जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दहा मिनिटं बसून राहायची, चप्पल न काढता. प्रियदर्शनीला माहीत होतं, आई आंघोळ करून बाहेर येईपर्यंत तिच्याशी बोलायचं नाही. एवढ्यावर अठरा वर्षं निभावली.

पण निभावत नाही हेही तिला कळायला लागलं होतं. दाराची बेल वाजली की हातातलं काम टाकून ती आधी कान द्यायची. लग्नाच्या मांडवात कुणी हसून-हसून डोळे पुसले तरी ती सावध व्हायची. तिला तळमजल्यावरच्या लसीकरणाच्या खोलीत बदली हवी होती. तीन वर्षांत तीन अर्ज दिले होते.

“तिथं बी रडत्यातच की पोरं,” सन्मती म्हणाला होता.

“रडत्यात. पण दोन मिनिटांत थांबतात.”

तिला दुसरं काही नको होतं. पगार वाढायला नको, पाळी बदलायला नको. थांबणारं रडणं हवं होतं. तिसऱ्या अर्जाला मेट्रनबाईंनी शब्दही दिला: तिथल्या सिस्टर मे महिन्याअखेर निवृत्त होतील, जूनपासून तुम्ही खाली.

हे एप्रिलमध्ये घडलं. दोघीजणी एकदम आजारी पडल्या म्हणून आक्कानं रात्रपाळीला जोडून सकाळची पाळीही घेतली होती. अकराच्या सुमारास पहिल्या मजल्यावरून निरोप आला, नागोजी नावाच्या पेशंटला वर आणायचं आहे. खानापूरच्या कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झालेला माणूस, छातीत कफ भरून दम लागलेला. अतिदक्षता विभाग तिसऱ्या मजल्यावर. आक्का ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन खाली आली, पेशंट ट्रॉलीवर घेतला, जोडीदार सिस्टरबरोबर लिफ्टनं वर पाठवला. नागोजींच्या बायको शालूबाई चहा आणायला कँटीनला गेल्या होत्या. त्यांना सांगायला कुणीतरी हवं, आणि त्या मजल्यावरच्या नव्या सिस्टरला मराठी येत नव्हतं. “आक्का, हेळिबिडरी,” ती म्हणाली.

तेवढ्या वेळात फोन चारदा वाजला. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, इनचार्ज सिस्टरनं विचारलं, फार्मसीनं विचारलं, पेशंट वर गेला का? चारही वेळा आक्कानं एकच उत्तर दिलं, “म्याल होग्यार.” वर गेलेत.

शालूबाई थर्मास घेऊन आल्या तेव्हा खाट रिकामी होती. चादर काढलेली, उशी उलटी टाकलेली. इथं एकोणीस पावलं नव्हती. आक्का खाटेजवळच उभी होती आणि त्या समोर येऊन ठाकल्या.

“मावशी, तुमचे मालक वर गेले,” आक्का म्हणाली.

शालूबाईंनी थर्मास स्टुलावर नीट ठेवला. सैल झालेलं झाकण फिरवून घट्ट केलं. “कवा?”

“आत्ताच की. दहा मिनिटं झाली. शांत गेले, काही त्रास झाला नाही.”

मग शालूबाईंनी जो हंबरडा फोडला तो आक्काला अतिदक्षता विभागाच्या नावानं घाबरलेल्या माणसाचा वाटला. तशी माणसं रोज बघायची तिला सवय होती. तिनं खांद्यावर हात ठेवला. वर सगळी सोय आहे, मावशी, रडू नका, तिथं त्यांना काही कमी पडणार नाही, असं म्हणाली. जरा वेळानं तुम्हालाही वर नेते, असंसुद्धा म्हणाली.

शालूबाईंनी दोन्ही हात खाटेच्या लोखंडी कठड्यावर आपटले. हिरव्या काचा फरशीवर पसरल्या. शेजारच्या खाटेजवळचा माणूस खानापूरकडचाच होता, त्यानं तोवर नागोजींच्या मुलाला फोन लावून “आटपलं रं” असं सांगितलंही होतं. आक्का खाली वाकून काचा गोळा करायला लागली, कुणाच्या पायात जायला नकोत म्हणून. सात-आठ तुकडे तळहातावर आल्यावर तिला आपलं वाक्य ऐकू आलं. आपण बोललो ते कन्नडातून मराठीत जसंच्या तसं आलं होतं, आणि मराठीत त्याचा एकच अर्थ होतो.

“मावशी,” ती म्हणाली, “जिवंत आहेत हो. वर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर.”

शालूबाई रडायच्या थांबल्या नाहीत. आत्ता थांबणं त्यांच्या हातात नव्हतं. रडता-रडताच त्यांनी विचारलं, “मग वर गेले म्हणालासा की?”

दुपारी एकच्या आत मुलगा परशराम दहा-बारा माणसं घेऊन टेम्पोतून आला. गावात तोवर चुली विझल्या होत्या, दारात माणसं जमली होती, नातवंडांना शाळेतून आणलं होतं. बाप काचेपलीकडं श्वास घेतोय हे बघून तो खाली बसला, पाणी प्याला, आणि मग उठला.

“सिस्टर, मराठी येतंय न्हवं तुम्हाला?”

“येतं.”

“मग हे कुठलं मराठी? माझ्या आईनं जित्या नवऱ्याच्या बांगड्या फोडल्या. लई शिकलेल्या तुम्ही. मेलं म्हणायला तोंड दुखतंय व्हय तुमचं? मेलं म्हणायचं असलं तर मेलं म्हणा, न्हाय तर गप बसा की!”

तो बोलला ते आक्काला बरोबर वाटत होतं.

तक्रार त्यानं जागेवरच लिहिली, दोन पानं, मराठीत. मेट्रनबाईंना मराठी वाचता येत नव्हतं आणि वर कळवायचं तर कागद कन्नडात हवा होता. त्यांनी आक्काला आत बोलावलं, पंखा वाढवला, कागद पुढं केला. “कन्नडात लिहून द्या. दुसरं कोण आहे?”

आक्कानं स्वतःविरुद्धची तक्रार स्वतः उतरवून काढली. एक शब्द गाळला नाही. “बेजबाबदार” लिहिलं, “माणुसकी नसलेली” लिहिलं. त्या पंचवीस मिनिटांत तिला एका बाजूनं हलकंही वाटत होतं, हे तिनं नंतर कबूल केलं. आता तरी हे काम आपल्याकडून काढून घेतील. इतकी मोठी चूक झाल्यावर पुन्हा कोण कशाला आपल्याला बाकाकडं पाठवेल? जूनची वाटही बघावी लागणार नाही.

मेट्रनबाईंनी कन्नड कागद वाचला. मधल्या ओळीवर बोट ठेवलं. पुन्हा वाचला.

“पेशंट वर गेले, असं तुम्ही सांगितलं.”

“हो.”

“आणि पेशंट वर गेले होते.”

“हो.”

“मग यात चूक काय आहे?”

आक्का समजावून सांगायला लागली. मराठीत तसं म्हणत नाहीत, वर नेलंय म्हणायला हवं होतं, गेले म्हटलं की संपलं. मेट्रनबाई मान हलवत राहिल्या. अर्थ कळत नव्हता असं नाही. गमतीत कन्नड माणसंही तसं बोलतातच. पण कागदावर काहीच नव्हतं. चूक उतरवता-उतरवता नाहीशी झाली होती आणि ती आक्काच्याच हातून झाली होती. शेवटी बाई म्हणाल्या, “थकलाय तुम्ही. पुढच्या आठवड्यात ताणाचं एक शिबिर आहे, तुमचं नाव घालते.”

शिबिर सभागृहात झालं, अर्ध्या दिवसाचं. ऋतिका नावाच्या बंगळूरच्या बाई आल्या होत्या, बोलायला गोड. ताण बाहेर नसतो, तो आपण त्याला कसं उत्तर देतो यात असतो, असं त्यांनी सांगितलं. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, “मॅडम, स्टाफ कधी वाढणार?” हशा पिकला. तो माझा विषय नाही, असं म्हणून त्याही हसल्या. मग सगळ्यांना डोळे मिटून चार आकड्यांत श्वास घ्यायला आणि चार आकड्यांत सोडायला लावला. प्रत्येकीला एक प्लॅस्टिकचं कार्ड मिळालं, गळ्यातल्या ओळखपत्रामागं ठेवायला. त्यावर तीनच शब्द होते: निल्लि, उसिराडि, मातनाडि. थांबा, श्वास घ्या, बोला.

आक्कानं ते मनापासून केलं. तिला खरंच दुरुस्त व्हायचं होतं. भाजी चिरताना केलं, बसस्टॉपवर केलं. प्रियदर्शनीनं गणिताचा पेपर अवघड गेला म्हणून सांगितलं तेव्हाही आधी थांबली, श्वास घेतला. पोरगी वाट बघत उभी राहिली आणि मग आत निघून गेली. जिन्याच्या पायरीवर बसायची गरज उरली नाही. बेल वाजली तरी हातातलं काम सुटेनासं झालं. सन्मती शेजाऱ्यांना सांगायला लागला, फरक पडलाय म्हणून.

नागोजी वर आणल्यापासून एकविसाव्या दिवशी सकाळी गेले. आक्का दारातून निघाली. एकोणीस पावलं, मग थांबली, मग श्वास घेतला. शालूबाईंच्या हातात नव्या बांगड्या होत्या, सुनेनं दवाखान्याबाहेरच्या दुकानातून आणून भरलेल्या, मापाला जरा सैल. शेजारी परशराम बसला होता.

“मावशी, मालक वारले.”

शालूबाईंनी तिच्या तोंडाकडं निरखून बघितलं.

“ह्या खेपेला नक्की न्हवं?”

“नक्की.”

परशरामनं मान खाली घातली. त्यानं काहीतरी बोलावं असं आक्काला वाटत राहिलं. शालूबाई उठल्या, पिशवीत थर्मास घातला, डबा घातला, दोरीवरचा नवऱ्याचा टॉवेल घडी करून घातला. कुठल्या रडण्याची ही सुरुवात आहे ते आक्का ऐकत होती. काही ऐकू आलं नाही.

जूनची यादी लागली. लसीकरणाच्या खोलीत त्या पहिल्या मजल्यावरच्या नव्या सिस्टरचं नाव होतं. आक्का मेट्रनबाईंकडं गेली.

“तिला मराठी येत नाही, आक्का. बाळांना कुठल्याही भाषेत सुई टोचता येते. तुमच्यासाठी वेगळं केलंय की.” त्यांच्या आवाजात आनंद होता. शिबिराच्या बाईंनी अहवालात आक्काचं नाव घेऊन लिहिलं होतं, इतकी शांत सिस्टर बघितली नाही म्हणून. आता अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर एक टेबल येणार होतं, दोन खुर्च्या, आणि “नातेवाईक संवाद” अशी पाटी, तीन भाषांत. दिवसभर तेवढंच काम. “बाकी कुठलीच ड्यूटी नको. बसून काम.”

आक्का थांबली. श्वास घेतला. मग “हो” म्हणाली. नाही म्हणायचं होतं, असं ती सांगते. पण थांबेपर्यंत ते निघून गेलं.

टेबल दारापासून तीन पावलांवर आहे. तीन पावलांत णमोकार होत नाही. पहिले काही दिवस ती अर्ध्यात सोडायची, ते बरं नाही वाटलं म्हणून म्हणायचंच बंद केलं.

जुलैच्या शेवटी शालूबाई आल्या. खाली मृत्यूच्या दाखल्यात नाव चुकलं होतं, नागोजीचं नागप्पा झालं होतं. परशराम खिडकीत रांगेला उभा होता. त्या तेवढ्यात जिना चढून तिसऱ्या मजल्यावर आल्या आणि टेबलासमोरच्या खुर्चीवर बसल्या. हात रिकामे होते.

“वर आले,” त्या म्हणाल्या, आणि स्वतःच जराशा हसल्या.

आक्कानं पाण्याची बाटली पुढं केली. त्यांनी घेतली नाही.

“बाई, एक इचारू का? तुम्ही किती बघितलासा. न रडता बी माणसं असत्यात न्हवं?”

“असतात की.”

“तेच जरा सांगा की गावात. नणंद म्हणती, दादाला माती देताना हिच्या डोळ्याला पाणी न्हाय. दिवसाच्या जेवणाला बायका बसल्या की माझ्याच तोंडाकडं बघत्यात. चाळीस वर्सं संसार केला आणि ही अशी कोरडी.” त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. “त्या दिवशी खाली माझं सगळं झालतं ओ. ते बसत होते कुठं, खात होते काय, सगळं आठवून रडले मी. तवा ते जिते होते. मग खरंच गेले तवा आत बघितलं तर काय न्हाईच.”

आक्का ऐकत होती.

“तुमचा दोष न्हाय म्हणा. बोलण्यात आलं. पर माझं रडू तुम्ही आधीच घेतलासा, बाई. आता कुठनं आणू?”

आक्का थांबली. चार आकड्यांत श्वास घेतला, चार आकड्यांत सोडला. बोलायचं तेवढं राहिलं होतं आणि काही आलं नाही. या बाईसमोर आपल्याला तरी रडू यावं असं तिला वाटलं, तेवढं देता आलं असतं. तिनं डोळ्यांमागं शोधून बघितलं. पुन्हा श्वासच आला, सावकाश, मोजून. मग तिनं आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून शालूबाईंच्या शेजारी ठेवली आणि बसली.

जिन्याच्या पोकळीतून तळमजल्यावरच्या बाळाचा आवाज वर आला. सुई लागल्यावरचा, श्वास अडकून मग एकदम फुटलेला. दोघी ऐकत राहिल्या. आवाज चढला, जरा टिकला, मग हुंदक्यांवर आला आणि थांबला.

“लई चांगलं रडलं,” शालूबाई म्हणाल्या.

टेबलापलीकडचं दार उघडलं. डॉक्टरांनी अर्धं अंग बाहेर काढून आक्काकडं बघितलं. बाकावरची माणसं उभी राहिली.